घराण्याचा दात

फॉर्मवर 'तक्रार' असा एक रकाना होता आणि त्यात भाऊंनी बारीक, सुबक अक्षरात लिहिलं, 'थोडी माहिती हवी आहे.' काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि फॉर्म परत भाऊंकडे ढकलला.

"माहिती ही तक्रार नसते. दुखतंय, हलतंय की किडलंय? एकावर खूण करा."

भाऊंचं काही दुखत नव्हतं, हलत नव्हतं, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी काही किडलेलंही नव्हतं. ते या दातांच्या दवाखान्यात आले होते ते, इथले डॉक्टर आपल्या हरवलेल्या काकांचे नातू आहेत की काय, एवढंच विचारायला. पण मागे चार माणसं गाल धरून बसलेली असताना हे काउंटरवर सांगायचं कसं? भाऊंनी 'दुखतंय'वर खूण केली. बाईंनी विचारलं, कुठला. भाऊंची जीभ सवयीने जिथे जाते तीच जागा त्यांनी सांगितली. वरचा, डावीकडचा. पुढचा सगळा घोळ इथून सुरू झाला.

भाऊंनी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले होते. शहराच्या पोटातून कुठला नळ कुठून येतो, कुठे त्याला फाटा फुटतो आणि कुठे तो बंद होतो, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांनी घरातले नळ दुरुस्त केले. ते सगळे गळायला लागल्यावर बायकोने हात जोडले आणि दुसरं काहीतरी शोधा म्हणून सांगितलं. मग भाऊंनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली. काढली तीही नळांच्याच पद्धतीने. पणजोबांपासून निघालेली मुख्य वाहिनी, तिला मुलांचे फाटे, नातवंडांच्या बारीक जोडण्या. माझ्या नावापाशी व्हॉल्व्हची खूण का आहे, असं बायकोने एकदा विचारलं. नजरचुकीने पडली, असं भाऊ म्हणाले. नजरचूक वगैरे काही नव्हती.

सगळा नकाशा पुरा झाला होता, फक्त एक फाटा सोडून. भाऊंच्या धाकट्या काकांच्या नावापुढे, नळ बंद केल्यावर मारतात तशी आडवी रेघ होती. ती भाऊंना खुपत होतीच, पण भाऊंची थोरली बहीण अक्का, तिला ती जास्त खुपत होती. अक्का ब्याऐंशी वर्षांची. मधली भावंडं गेली, आता ही दोघंच उरली होती आणि अक्का भाऊंच्याच घरी पुढच्या खोलीत राहत होती.

काका घरातून गेला तेव्हा अक्का सहा वर्षांची होती आणि तो सतरा वर्षांचा. अक्काचे आजोबा हेडमास्तर. काका रोज शाळेला म्हणून निघायचा आणि दिवसभर सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसायचा. एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना अक्काने हे आजोबांना सांगून टाकलं. आजोबांनी काकाला ताटावरून उठवून अंगणात उभं केलं. तो तासभर उभा राहिला, मग चालायला लागला, तो परत आलाच नाही.

त्या दिवसापासून अक्काने कुणाचं काहीही कुणालाही सांगितलं नाही. एवढी चुगली आयुष्याला पुरली, असं ती म्हणायची. साहजिकच नात्यात ज्याला ज्याला मन हलकं करायचं असे तो अक्काकडे येई. कुणाचं कुणाशी जमलं होतं, कुणी कुणाची सही केली, सगळं अक्काच्या पोटात जाई आणि तिथेच राही. लोक तिला देवमाणूस म्हणत. ती मात्र रात्रंदिवस एका माणसाचा विचार करी, ज्याला तिने अंगणात उभं करवलं होतं.

"मला एवढंच कळू दे," ती भाऊंना म्हणाली होती, "तो शेवटपर्यंत माझ्यावर राग धरून होता का. हो तर हो. पण कळू दे."

म्हणून भाऊ हट्टाला पेटले होते. आडनाव सुदैवाने असं होतं की टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीतही एका बोटाखाली सगळी घरं झाकली जायची. भाऊंनी आधी एका रंगाच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि फार घाबरल्यामुळे एकदम विचारलं, "तुमचे आजोबा घरातून पळाले होते का?" त्यावर पलीकडून जे उत्तर आलं त्यात भाऊंच्याच आजोबांचा उद्धार होता. मग वर्तमानपत्रातून या दवाखान्याची जाहिरात घरात पडली. आडनाव तेच. शेजारी डॉक्टरांचा हसरा फोटो, पण ओठ मिटून हसणारा.

या मिटलेल्या ओठांनी भाऊंची झोप उडाली. कारण त्यांच्या घराण्याची एक खूण होती. वरच्या बाजूला, डाव्या सुळ्यावर चढून बसलेला एक जास्तीचा दात. आजोबांना होता, वडिलांना होता, भाऊंना होता. अक्काच्या तोंडात आता स्वतःचा असा एकच दात उरला होता आणि तो तोच होता. दातांचा डॉक्टर जाहिरातीत दात लपवून हसतो, याचा अर्थ काय? भाऊंनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, अर्थ असा की सरळ जाऊन विचारा. पण सरळ विचारणं हे या घराण्याच्या रक्तात नव्हतं. हेडमास्तर आजोबा घरात एकटेच बोलत, बाकीच्यांची बोलायची सवयच गेली, आणि मुद्दा समोर आला की हवापाण्याकडे वळायचं ही रीत पुढच्या पिढ्यांनी भक्तिभावाने चालवली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती सख्खी आत्या होती. शेवटी ठरलं असं की भाऊंनी पेशंट म्हणून जायचं, डॉक्टरांचे दात बघायचे आणि मग हळूच विषय काढायचा.

डॉक्टर आले ते मास्क लावून. डोळ्यांखालचं सगळं झाकलेलं. भाऊंना खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा ओढला आणि तोंड उघडा म्हणून सांगितलं. दुसऱ्याचे दात बघायला आलेला माणूस स्वतःचे दाखवत पडून राहिला.

डॉक्टर वरच्या डाव्या बाजूला आले आणि थांबले. बराच वेळ थांबले. आरसा आत घातला, बाहेर काढला, पुसला, पुन्हा आत घातला. भाऊंना त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. वर फक्त दोन डोळे दिसत होते आणि ते दात बघणाऱ्या माणसाचे वाटत नव्हते, भूत बघणाऱ्याचे वाटत होते. भाऊंची खात्रीच पटली. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि हा सांगत नाही.

"हा... पहिल्यापासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊंनी उघड्या तोंडाने होकार दिला.

"बरं," डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आज उकडतंय नाही?"

एरवी भाऊंनी हे वाक्य लगेच ओळखलं असतं. अडचणीच्या वेळी ते स्वतः हेच म्हणत. पण तोंडात आरसा असताना माणसाची बुद्धी चालत नाही. डॉक्टरांनी दोन बाजूंनी फोटो काढला, मग गार, चिकट लगद्याने भरलेली एक वाटी वरच्या दातांवर दाबून माप घेतलं. दुखणाऱ्या दाताचं माप कशासाठी, हे विचारायला भाऊंचं तोंड रिकामं नव्हतं. रिकामं झालं तेव्हा डॉक्टर ते माप दोन्ही हातांत धरून आतल्या खोलीत निघून गेले होते. जाताजाता त्यांनी बाहेर सांगितलं, यांना परवा परत बोलवा.

काउंटरवरच्या बाईंचा असा अनुभव होता की परवा परत येणारा माणूस दात काढायलाच येतो. त्यांनी कार्डावर तसं लिहून टाकलं. भाऊंना नकाशांच्या सवयीमुळे उलटं अक्षर सहज वाचता येत असे. 'वरचा डावा, काढणे.' त्यांनी घसा साफ केला, पुढे झाले आणि बाईंना म्हणाले, "येतो मग."

घरी बायकोने कपाळाला हात लावला. दुखत नसलेला दात काढून घेणारा माणूस तिने पाहिला नव्हता. शिवाय बरोबर नेता येण्यासारखा पुरावा तोच, तो उपटून घेतल्यावर दाखवणार काय, हिरड्या? फोन करून नाही म्हणा, असं तिने बजावलं. भाऊंनी दोनदा फोन उचलला. एकदा बाईंना दवाखान्याची वेळ विचारली, एकदा वार विचारला.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून अक्का भिंतीला धरत धरत आली. तिला घाबरवायचं नाही म्हणून भाऊंनी विषय हवापाण्याकडे वळवला. अक्काने भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं.

"नसेल तो आपल्यातला तर राहू दे रे," ती म्हणाली. "मला सवय झालीय."

एवढं बोलून ती परत गेली. दात गेला तर गेला, असं तिच्या पाठीकडे बघताना भाऊंनी ठरवलं. परवा खुर्चीत बसायच्या आधी, तोंड आपल्या ताब्यात असतानाच, विचारून टाकायचं. वाक्यही पाठ केलं.

ठरल्या दिवशी भाऊ वंशावळीची गुंडाळी काखेत मारून गेले. वाक्य जिभेवर होतं. पण आत गेल्या गेल्या बाईंनी गुंडाळी काढून घेऊन कोपऱ्यात उभी केली, गळ्यात कागदी फडकं बांधलं आणि खांदे धरून खुर्चीत टेकवलं. डॉक्टर पाठमोरे होते. वळले तेव्हा त्यांच्या हातात सुई होती. भाऊंनी वाक्य बोलायला तोंड उघडायला आणि डॉक्टरांनी सुई पुढे करायला एकच गाठ पडली. पाचव्या मिनिटाला भाऊंचा अर्धा ओठ, गाल आणि जीभ परक्याची झाली. पाठ केलेलं वाक्य आत आणि तोंडावर पहारा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात.

बाई ताट ठेवून बाहेर गेल्या. डॉक्टरांनी पक्कड उचलली. भाऊंनी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर डॉक्टर पक्कड घेऊन तसेच उभे. त्यांनी पक्कड खाली ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली. दिवा सरकवला, परत होता तिथे आणला. मास्कच्या वर कपाळावर घामाचे थेंब जमले होते. हा डॉक्टर शिकाऊ आहे की काय, अशी नवीनच शंका भाऊंना आली.

तिसऱ्यांदा पक्कड तोंडाजवळ आली तेव्हा भाऊंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. डॉक्टरांचं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या हाताने मास्ककडे बोट दाखवलं आणि तो खाली करा अशी खूण केली. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण पेशंटच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी मास्क खाली ओढला. भाऊंनी स्वतःचे ओठ बोटांनी ताणून दाखवले, म्हणजे असे दात दाखवा. डॉक्टर बिचकले. पण त्यांनी दाखवले.

सगळे दात सरळ होते. शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे, पांढरे, एकसारखे. सुळ्यावर काही नव्हतं.

भाऊंनी मनगट सोडून दिलं. संपलं सगळं. दोन दिवसांची धडधड, लगदा, सुई, सगळं एका परक्या माणसासाठी. आता अक्काला जाऊन काय सांगणार? त्यांनी खुर्चीत मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. काढा. एवढं केलंय तर तेही करून टाका.

पण पक्कड आलीच नाही. डॉक्टर फिरत्या स्टुलावर बसले.

"मला हा दात काढवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही काढा म्हणालात, कार्डावर तसं आहे, पण माझा हातच चालत नाहीये. माझाही असाच होता. इथेच. कॉलेजात असताना काढून घेतला. दातांच्या डॉक्टरचाच दात असा असला तर माणसं हसतील, असं वाटलं. त्यानंतर आजोबा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, घरून निघताना एवढंच बरोबर आणलं होतं, तेही उपटलंस."

भाऊ उठून बसले. सुन्न ओठातून त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून बाई धावत आल्या. डॉक्टरांनी हाताने त्यांना थांबवलं आणि एकदा सुरू झाल्यावर सगळंच सांगून टाकलं. माप घेतलं ते दातासाठी नव्हतंच, वडिलांना दाखवायला होतं. वडिलांनी ते टेबलावर ठेवलं होतं आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून होते. विचार त्या गृहस्थांना, असं ते सारखे म्हणत होते. "पण दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला त्याच्या आजोबांचं नाव कसं विचारायचं?"

भाऊंनी खुर्चीतून उडी मारली, गळ्यातलं फडकं तसंच, आणि कोपऱ्यातली गुंडाळी आणून खुर्चीवरच उलगडली. आडव्या रेघेवर बोट ठेवलं. डॉक्टर वाकले. त्यांनी रेघेच्या आधीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि खिशातून पेन काढलं. बाहेर चार माणसं गाल धरून वाट बघत होती, तरी त्यांनी नळाचा तो फाटा शेवटपर्यंत भरला. भाऊंच्या बायकोच्या नावापाशी ती व्हॉल्व्हची खूण कशाची, हे, तेवढं मात्र त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

काका नऊ वर्षांपूर्वी गेले होते. हे भाऊंनी घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, बरं. म्हणजे आता तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. रविवारी डॉक्टर भेटायला येणार हे कळल्यावर तिने दोन दिवस धड खाल्लं नाही. मी बाहेर येणार नाही, असंही ती एकदा म्हणाली. भाऊंना वाटायला लागलं, रेघ होती ती बरी होती.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. ते पुढच्या खोलीत बसले, अक्का पलंगावर. भाऊ आणि त्यांची बायको दारात उभे. पाऊण तास हवापाण्यावर बोलणं झालं. डॉक्टरांनी तीनदा उकडतंय म्हटलं, अक्काने चारदा हो म्हटलं. भाऊंच्या बायकोला वाटलं, दोघांच्या डोक्यात पाण्याचा तांब्या उपडा करावा. शेवटी अक्कानेच तोंड उघडलं.

"तुझ्या आजोबाला मी घराबाहेर काढलं," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. तो माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे ती तुम्ही, आत्या? सहा वर्षांची?"

अक्काने मान खाली घातली.

"आजोबा सारखे सांगायचे," डॉक्टर म्हणाले. "त्यांना शाळा सोडायची होती, पण वडिलांसमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. तीन महिने प्रयत्न केला म्हणे, रोज हवापाणीच बोलून यायचे. मग त्यांनी घरातल्या सगळ्यात धीट माणसाला पुढे केलं. दुकानात नेऊन तिला तासभर सायकलची घंटी वाजवू दिली आणि म्हणाले, एवढं आमच्या बाबांना सांगून ये. ती गेली आणि सगळ्यांसमोर सांगून आली. आजोबा म्हणायचे, आख्ख्या घराण्यात सरळ बोलणारं तेवढं एकच माणूस झालं."

अक्काचे ओठ हलत होते. घंटी, असं ती एकदा स्वतःशीच पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भाऊंची बायको जवळ जाऊन बसली, तिने अक्काचा हात धरला. भाऊंनाही रडू आवरेना. शहात्तर वर्षांचं ओझं त्यांच्या डोळ्यांसमोर उतरत होतं.

"म्हणजे ती चुगली नव्हती," अक्का म्हणाली.

"नाही, आत्या. निरोप होता."

"आणि मी मात्र तेव्हापासून तोंड शिवून बसले. सगळ्यांचं सगळं पोटात घेऊन. कशाला?"

अक्काने पदराने डोळे पुसले. मग पाठ ताठ केली. भाऊंनी तिला इतकं ताठ बसलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि त्यांना उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे.

"लग्नाआधी याने तुला एक पत्र पाठवलं होतं," ती म्हणाली. "सरळ, स्पष्ट. ते वाचून तू हो म्हणालीस."

"अजून जपून ठेवलंय मी," भाऊंची बायको म्हणाली.

"ते मी लिहिलं होतं. हा आठ दिवस कोरा कागद घेऊन बसला होता."

भाऊंनी घसा साफ केला आणि आज फारच उकडतंय असं म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही. त्यांच्या बायकोने अक्काचा हात सोडला नव्हता. तिने फक्त पलंगावर पाय वर घेऊन नीट मांडी घातली.

"आणखी काय काय आहे, अक्का?"

"पुष्कळ आहे," अक्का म्हणाली. "साखरपुड्यापासून सांगते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मोबाइल बंद केला आणि आपली खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.